दहा गुणांची शाळा

प्रणिता वाहुळे डेल्फ्टजवळच्या त्या गावात आली तेव्हा तिला नाव असं नव्हतंच. बँकेत ती विवेकची बायको होती, डॉक्टरकडे मित्रा नावाच्या मुलीची आई होती आणि खेमेंटेच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, कागदोपत्री तर ती नवऱ्यावर अवलंबून असलेली व्यक्ती होती. पिंपरीच्या पतपेढीत काउंटरपलीकडून भल्याभल्यांना दमात घेणारी ही बाई, आणि तिला म्हणे अवलंबून! पण व्हिसाच्या खात्याला पिंपरी कुठे माहीत असते? विवेक सकाळी लॅपटॉप पाठीला लावून रॉटरडॅमची गाडी पकडायचा आणि प्रणिता खिडकीतून कालव्यातली बदकं बघत बसायची. बदकांशी तिचं बरं जमलं होतं, पण बदकं काही नावाने हाक मारत नाहीत.

नाव मिळालं ते शाळेत. मित्रा, म्हणजे जन्मदाखल्यावरची संघमित्रा, शाळेत जायला लागली आणि शाळेला दुपारच्या डब्याच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवायला माणूस हवं होतं. प्रणिता भीत भीत जाऊन उभी राहिली. मुख्याध्यापक हर्मन हा दारातून वाकून आत येणारा उंच माणूस. त्याने तिचं नाव विचारलं, दोन-तीनदा म्हणून पाहिलं आणि जाड पेनाने एका चिकटपट्टीवर लिहून तिच्या हातात दिलं. त्या दुपारी पोरांनी 'प्रनीता, प्रनीता' करून तिचं डोकं उठवलं. घरी येऊन ती रडली. दुःख कसलंच नव्हतं. फार दिवसांनी कुणीतरी तिला तिच्या नावाने छळलं होतं, एवढंच.

तेव्हापासून शाळा म्हणजे तिचा जीव की प्राण. त्या पोरांकडूनच ती डच शिकली, त्या भाषेच्या जोरावर तिला गावातल्या पाळणाघरात नोकरी लागली, आणि मित्रा पाचव्या गटात, म्हणजे आपल्या तिसरीत, गेली त्या वर्षी प्रणिता शाळेच्या पालक-शिक्षक मंडळावर निवडून आली. निवडून आली म्हणजे दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. पण विवेकने ऑफिसात पेढे वाटले, त्याला कोण काय करणार.

शाळा गोड होती, इमारत मात्र कंडम. सपाट छपराखाली व्यायामाचा हॉल, आणि पाऊस आला की हॉलमध्ये बादल्या. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या एकतर उघडायच्या नाहीत, उघडल्या तर मिटायच्या नाहीत. हिवाळ्यात पोरं जाकीट घालून गणितं करायची. शाळा चालवणाऱ्या संस्थेने वर्षानुवर्षं ठिगळं लावली होती, आता ठिगळ लावायलाही जागा उरली नव्हती. अशात खेमेंटेने गावातल्या शाळांच्या इमारतींचा नवा आराखडा हाती घेतला. ज्या शाळेचा नंबर पहिल्या टप्प्यात लागेल तिला नवी इमारत. खेमेंटे त्यासाठी कर्ज काढणार. आणि हर्मनने मंडळाला आडपडदा न ठेवता सांगितलं, "आपला नंबर पहिल्या टप्प्यात लागला नाही तर संस्था ही शाळा बंद करून हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळणार आहे. पुढच्या टप्प्यापर्यंत हे छप्पर टिकणार नाही."

हायवेपलीकडची ती शाळा प्रणिताने पाहिली होती. चकचकीत होती, पण तिथे मुख्याध्यापकाला मुलांची नावं स्क्रीनवर बघावी लागत.

प्रस्ताव लिहायला तिघंजण बसले: हर्मन, सातव्या गटाची शिक्षिका आनेमीक, आणि प्रणिता. आनेमीक हुशार आणि तिखट. तिच्यासमोर चुकीचं डच बोलायचं म्हणजे प्रणिताला घाम फुटायचा. खेमेंटेच्या अर्जात एक प्रश्न होता की नवी इमारत मिळाली तर ती नीट ठेवायची सोय काय. आनेमीकने एका ओळीत उत्तर लिहिलं की संस्था दरवर्षी देखभाल करेल.

"असं नाही चालत," प्रणिता म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून वडलांचं सगळं पुराण बाहेर पडलं. वडील, दादाराव, कारखान्यात फिटर होते आणि पिंपरीच्या त्यांच्या सोसायटीचे कायमचे सेक्रेटरी. महाराष्ट्रातल्या फ्लॅटवाल्याला देवाधर्माचं एक वेळ माहीत नसेल, पण सिंकिंग फंड माहीत असतो. रंगरंगोटीचा पैसा वेगळा, आणि इमारत म्हातारी होईल त्या दिवसासाठी बाजूला टाकायचा पैसा वेगळा. या दुसऱ्या पैशाला हात लावायचा तर सगळ्या सभासदांची सभा घ्यायची, तीत हात वर करायचे, भांडायचं, चहा प्यायचा आणि बहुतेक वेळा हात न लावताच घरी जायचं. दादारावांनी एकदा गणपतीच्या मांडवासाठी त्यातले पैसे मागणाऱ्या चेअरमनला जिन्यात अडवून धरलं होतं.

"सिंकिंग?" हर्मनने भुवया वर केल्या. समुद्राच्या पातळीखाली राहणाऱ्या माणसांसमोर बुडण्याची भाषा काढू नये, हे प्रणिताच्या उशिरा लक्षात आलं. पण मुद्दा त्याला पटला. या शाळेचं छप्परही त्यामुळेच गळत होतं. देखभालीचे पैसे दरवर्षी दुसऱ्याच कुठल्या निकडीत जिरले होते. शेवटी प्रस्तावात लिहिलं गेलं की संस्था दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळी काढेल आणि पालक-शिक्षक मंडळाच्या संमतीशिवाय तिला कुणी शिवणार नाही. आनेमीक ते टाइप करताना म्हणाली, "तुझ्या वडलांना कळव." तिच्याकडून ही शाबासकीच होती. प्रणिताने त्या रविवारी फोन लावला. "जय भीम, बाबा. तुमचा फंड आता हॉलंडमध्ये पण लागू झाला." दादाराव म्हणाले, "ऑडिट दरवर्षी करा म्हणावं."

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नेमका इथेच घोळ झाला. घोळ घातला तो दुसऱ्या कुणी नाही, प्रणितानेच.

झालं असं. तज्ज्ञांनी गावातल्या चार जुन्या शाळा तपासल्या आणि चारही सारख्याच खिळखिळ्या ठरवल्या. मग खेमेंटेने निर्णय वापरणाऱ्यांवर सोडला. सगळ्या पालकांच्या फोनवर एक पाहणी आली: तुमच्या शाळेची हवा, उजेड, स्वच्छतागृहं, हॉल यांबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, दहापैकी गुण द्या. प्रणिता त्या वेळी पाळणाघरात एका कडेवर एक आणि दुसऱ्या कडेवर दुसरं पोर घेऊन उभी होती. तिने 'किती समाधानी' एवढंच वाचलं. एव्हाना शाळेतली जवळपास निम्मी मुलं भारतीय घरांतली होती, त्यांच्या आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. प्रणिताने अंगठ्याने भराभर लिहिलं, "शाळेची पाहणी आली आहे. प्लीज सगळ्यांनी सगळीकडे १० द्या. आपल्या शाळेला मदत होईल."

तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे शाळेत तपासणी येते तेव्हा काय करतात? आदल्या दिवशी चुना मारतात, दारात रांगोळी घालतात, फुटका बाक अडगळीत ढकलतात आणि पोरांना नखं कापून यायला सांगतात. शाळा चांगली दिसली की अनुदान मिळतं. आणि गुरुजींच्या शाळेला दहापैकी चार द्यायचे? जेवायला बोलावलेल्या घरी भाजी आळणी झाली म्हणून सांगण्यातला तो प्रकार. त्यामुळे ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. तिची मैत्रीण शर्मिला, जी डब्यांचा व्यवसाय करायची, तिने तर नवऱ्याच्या फोनवरूनही दहा दिले.

निकाल सांगायला खेमेंटेची लीसबेट नावाची अधिकारी शाळेत आली. हर्मन, आनेमीक आणि प्रणिता समोर बसले. बाहेर पाऊस होता, हॉलमधून बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. लीसबेट प्रसन्न चेहऱ्याने म्हणाली, "अभिनंदन. तुमचे पालक गावात सगळ्यात समाधानी आहेत. स्वच्छतागृहांना नऊच्या वर गुण! असं मी कधी पाहिलेलं नाही. साहजिकच तुमची शाळा दुसऱ्या टप्प्यात गेली आहे. खेमेंटेच्या समितीसमोर यादी पुढच्या महिन्यात जाईल."

आनेमीक आधी हसली, कारण तिला वाटलं की गंमत चालली आहे. हर्मन हसला नाही. त्याने खिडकीकडे पाहिलं, ती जी मिटत नसे. आणि प्रणिताला आपण काय केलं ते कळलं. या देशात परीक्षेत सात मिळाले तर पोरं नाचत घरी येतात. बाकीच्या शाळांच्या डच पालकांनी चार लिहिले, तीन लिहिले, एकाने म्हणे शून्य लिहून खाली फोटो जोडला. आणि तिने आपल्या लाडक्या शाळेला कौतुक करकरून खड्ड्यात घातलं होतं.

घरी येऊन तिने विवेकला सांगितलं. विवेक म्हणाला, "कुणाला माहीत आहे? ग्रुप आपला आहे. गप्प बस." शर्मिला फोनवर म्हणाली, "हे बघ, आता सांगितलंस तर आपले सगळे लोक खोटारडे ठरतील. उद्या पोरांना टोमणे मारतील, इंडियन्स काहीही लिहितात म्हणून. शाळा काय गं, दुसरी मिळेल."

दुसरी मिळेल! या दोन शब्दांनी तिचं डोकं फिरलं. दुसरी शाळा मित्राला मिळाली असती. पण कुठून तरी नुकतीच आलेली, खिडकीत बसून बदकं बघणारी एखादी बाई त्या हायवेपलीकडच्या काचेच्या दारात किती दिवस उभी राहिली असती? दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा व्हायच्या आधीच प्रणिता हर्मनच्या खोलीत गेली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

आनेमीक तिथेच होती, ती भडकली. "म्हणजे तुला माहीत होतं की ते खरं नाही? आणि तरी दहा? का?"

"कारण इमारतीला कमी दिले तर ते यांना दिल्यासारखे होतात," प्रणिता हर्मनकडे बोट करून म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. हर्मनने कागदी रुमालांचा डबा पुढे केला. तो म्हणाला, "मला वाटायचं, पालक माझ्याशी मोकळेपणाने बोलतात." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि प्रणिताला तेच जास्त लागलं.

फेरपाहणी होऊ शकत होती, पण त्यासाठी समितीसमोर उघड सभेत कारण सांगायला हवं होतं. कुणी सांगायचं हा प्रश्नच नव्हता. प्रणिताने आधी ग्रुपवर लिहिलं की चूक माझी आहे आणि मी ती सगळ्यांसमोर सांगणार आहे. तीन बायकांनी ग्रुप सोडला. शर्मिलाने ग्रुप सोडला नाही, पण बोलणं सोडलं.

सभेच्या संध्याकाळी नगरपालिकेच्या सभागृहात प्रणिता निळी सिल्कची साडी नेसून गेली, म्हणजे पाय लटपटले तरी दिसू नयेत. ती डचमध्ये म्हणाली, "आमच्या पालकांनी दिलेले दहा गुण इमारतीचे नव्हते. ते शिक्षकांचे होते. आमच्याकडे शिक्षकाला त्याच्या घरातली ओल दाखवून देत नाहीत. मीच सगळ्यांना दहा द्यायला सांगितले. मला वाटलं, चांगल्या शाळेला मदत मिळते. इथे मदत लागते त्याला मिळते, हे मला कळलं नव्हतं."

समितीतल्या एका चष्मेवाल्या सभासदाने माइक ओढला. प्रश्न रास्तच होता. "बाई, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण मग दुसऱ्या वेळचे गुण तरी खरे कशावरून? आता तुम्ही त्यांना एक द्यायला सांगाल."

आनेमीकने बाकावर डोळे मिटून घेतले. प्रणिताला जे सुचलं ते अगदी घरातलं होतं. "दोन प्रश्न विचारा," ती म्हणाली. "आधी शिक्षकांबद्दल विचारा. तिथे त्यांना हवे तेवढे गुण देऊ द्या, त्यांचं मन भरू द्या. मग इमारतीबद्दल विचारा. आणि फोनवर नको. तुमची माणसं शाळेत येऊ द्या, पालकांना हॉलमध्ये उभं करा आणि तिथेच विचारा."

चष्मेवाले गृहस्थ खुर्चीत मागे टेकले. शेजारच्या बाई हसल्या, पण चांगलं हसल्या. समितीने फेरपाहणी मंजूर केली, चारही शाळांत, तशाच दोन प्रश्नांची.

आता पालक यायला हवे होते. प्रणिता एकालाही काही लिहिणार किंवा सांगणार नव्हती, तसं तिने समितीला कबूल केलं होतं. ठरलेल्या शनिवारी ती हॉलच्या दाराशी नुसती उभी राहिली. डच पालक आले, गुण देऊन, सायकली काढून गेले. भारतीय एकही नाही. प्रणिताचा धीर सुटत चालला. मग फाटकातून शर्मिला आली, कपाळावर आठ्या, आणि तिच्यामागे अख्खी फौज. ग्रुप सोडून गेलेल्या तिघीसुद्धा. शर्मिला प्रणिताकडे न बघता तडक हर्मनसमोर गेली आणि इंग्रजीत म्हणाली, "सर, तुम्हाला राग येणार नाही ना? खरंच सांगा."

हर्मनने लीसबेटकडून एक कागद घेतला, सगळ्यांसमोर भिंतीला टेकवून आपल्या स्वतःच्या शाळेच्या इमारतीला तीन गुण लिहिले आणि तो वर धरून दाखवला. "मी इथे बावीस वर्षं आहे," तो म्हणाला. "आता माझ्यापेक्षा उद्धट तुम्ही होऊच शकत नाही."

त्यानंतर जे झालं ते लीसबेट जन्मभर विसरणार नाही. पहिल्या प्रश्नाला सगळ्यांनी डोळे मिटून दहा दिले, आणि दुसऱ्या प्रश्नाला जी तोंडं उघडली ती मिटेनात. वरच्या मजल्यावरचा वास, हिवाळ्यातली जाकिटं, हाताला लागणारा फुटका नळ, जिन्यातला अंधार. एका गृहस्थाने वायरिंगवर एवढं मोठं व्याख्यान दिलं की लीसबेटला जादा कागद आणावे लागले. सोसायटीच्या सभांत मुरलेली माणसं ती. एवढे दिवस त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. जाताना शर्मिला प्रणिताला म्हणाली, "तीन दिलेत. कमी झाले का?" प्रणिताने तिला तिथेच मिठी मारली.

वसंतात समितीने यादी मंजूर केली. शाळा पहिल्या टप्प्यात आली, आणि वेगळ्या काढायच्या पैशांची अट चारही शाळांना लागू झाली. हॉलमध्ये टाळ्या झाल्या, आनेमीकने चक्क शिट्टी वाजवली. लीसबेटने भिंतीवर वेळापत्रक दाखवलं: नकाशे, परवाने, पाडकाम, बांधकाम. शर्मिलाने बोटांवर मोजलं आणि प्रणिताच्या कानाशी लागून म्हणाली, "अगं, म्हणजे मित्रा तोवर हायस्कूलला गेलेली असेल. माझाही गेलेला असेल. आपल्या एकाही पोराला मिळणार नाही!"

हे प्रणिताने पहिल्याच बैठकीत मोजलं होतं, आणि कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. हर्मनने विचारलं की बांधकाम समितीत पालकांतर्फे कोण काम करेल, जितकी वर्षं मूल शाळेत आहे तितकी वर्षं. प्रणिताने हात वर केला. या वेळी तिच्यासोबत आणखी चार हात वर गेले, आणि तिला निवडणूक लढवावी लागणार म्हणून फार आनंद झाला.

घरी जाताना मायलेकी कालव्याच्या कडेने सायकली चालवत होत्या. मित्रा मराठी बोलायची ती मध्येमध्ये इंग्रजी पेरून. "सो आई, मी नव्या हॉलमध्ये कधीच खेळणार नाही?"

"नाही."

"दॅट इज नॉट फेअर. आपण एवढं सगळं केलं. नवीन मुलांना कळणार तरी का, कुणी केलं ते?"

प्रणिताने सायकलचा वेग कमी केला. "तू जिथे अक्षरं शिकलीस, ती जुनी शाळा बांधा म्हणून कुणी मागितली होती, माहीत आहे तुला?"

मित्राने विचार केला. "नो."

"मलाही नाही," प्रणिता म्हणाली. "पण कुणीतरी मागितलीच असेल ना."

पुढच्या वळणावर मित्राने उजवा हात बाहेर काढून वळायची खूण केली आणि आईच्या पुढे निघून गेली.